यवतपासून विमान किती लांब?

मुंबई आणि पुणे या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर १२४ किलोमीटर. एअरबस पूर्ण वेगात असेल, तर एवढे अंतर कापायला तिला दहा मिनिटेसुद्धा नकोत. तरीही मार्च २०२३ मध्ये एअर इंडियाने या मार्गावरचे विमान पुन्हा सुरू केले, तेव्हा वेळापत्रकात त्याला चांगला तासभर दिला होता. पुण्याहून ११ वाजून २० मिनिटांनी निघायचे, मुंबईत १२ वाजून २० मिनिटांनी पोचायचे. एका तासात मुंबई, हे ऐकायला कोणालाही बरे वाटते. पण हा तास नेमका कोणाचा? यवतच्या माणसाचा तर नक्कीच नाही.

यवत पुणे–सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. दौंड तालुक्यातले हे गाव ऊस आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात येते. डोक्यावर भुलेश्वरचा डोंगर, गावाला रेल्वेचे स्टेशन आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. लोणी काळभोरहून निघालेली पालखी दिवसभर चालून संध्याकाळी यवतच्या काळभैरवनाथाच्या मंदिरात विसावते आणि वारकऱ्यांसाठी गाव पिठलं-भाकरीचा बेत करते. इथून पुण्याचा लोहगाव विमानतळ सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुणे–मुंबई हवाई अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढासुद्धा लांब नाही. आणि तरीही यवतहून लोहगावला पोचायला जो वेळ लागतो, तो लोहगावहून मुंबईला उडत जाण्याच्या वेळापेक्षा जास्त असतो.

विमानाची वेळ कशी मोजतात, हे पाहिले की यातले गणित उलगडते. घाटात थांबलेल्या ट्रकच्या चाकाखाली क्लीनर उटी लावतो, तशीच उटी उभ्या विमानाच्या चाकांनाही लावलेली असते. ती काढून विमान हलले की कंपनीचे घड्याळ सुरू होते आणि पलीकडच्या गावात ती पुन्हा लागली की बंद होते. तिकिटावर छापलेला तास तो हाच. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे येते, तिथे आपली पाळी येईपर्यंत ताटकळणे येते, चढणे आणि उतरणे येते. लांबच्या प्रवासात हा सगळा वरखर्च अंगावर येत नाही, कारण मधले हजार-दीड हजार किलोमीटर विमान सुसाट जाते. १२४ किलोमीटरच्या प्रवासात मात्र वरखर्चच मुद्दलापेक्षा मोठा होतो. विमान धड उंची गाठते न गाठते, तोच उतरायला लागायचे.

त्यात हे दोन्ही विमानतळ अडचणीचे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. सुखोईंचा सराव चालू असला की प्रवासी विमानाला वाट पाहावी लागते. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये १४ दिवस सगळी प्रवासी वाहतूकच बंद ठेवावी लागली होती. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी पूर्ण उपयोग होत नाही. गर्दीच्या वेळी विमाने आकाशात घिरट्या घालत राहतात. कंपन्यांना हे पाठ झालेले असते, म्हणून त्या वेळापत्रकातच सैल हात ठेवतात. पंधरा-वीस मिनिटांच्या उड्डाणाला तास लिहिला जातो तो यामुळे, आणि तासात पोचले की विमान ‘वेळेवर’ आले म्हणून नोंद होते.

या तासात न धरलेला वेळ आणखी मोठा. देशांतर्गत प्रवासात सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि विमानाचे दार २५ मिनिटे आधी. म्हणजे ११.२० च्या विमानासाठी पावणेदहापर्यंत विमानतळावर असलेले बरे. यवतच्या माणसाने त्यासाठी घर आठला सोडावे. रस्ते दोन. एक सरळ हडपसरवरून, म्हणजे उरुळी कांचन, लोणी, मांजरी आणि मग शहराच्या गर्दीतून. दुसरा थेऊर फाट्याला वळून केसनंद, वाघोलीमार्गे. पहिल्यात सिग्नल आणि रिक्षा, दुसऱ्यात अरुंद रस्ता आणि डंपर. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असला की दोन्हींवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारा, मागे दिव्याचा पत्ता नाही. अशा वाहनामागे एकदा गाडी अडकली की विमानाची वेळ त्या ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीवर.

पुढे मुंबईत १२.२० ला विमान टेकले तरी बाहेर पडेपर्यंत पाऊण-एक वाजतो. काम फोर्टमध्ये असेल तर तिथे जायला आणखी तासभर तरी हवा. आठला घर सोडलेला माणूस दोनच्या सुमारास पोचला. सहा तास झाले. त्यातला हवेतला भाग पाव तास की वीस मिनिटे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता त्याच माणसाला रेल्वेने पाठवून पाहू. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते आणि १९२ किलोमीटर कापून १० वाजून २५ मिनिटांनी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते, म्हणजे फोर्टच्या दारात. ती गाठायला यवतहून साडेपाचला निघावे लागते. पहाट मोडते हे खरे, पण पाच तासांत माणूस कामाच्या जागी. शंभरीकडे निघालेली गाडी जेट विमानाला तासाने मागे टाकते. यात गाडीचे कौतुक कमी आणि अंतर मोजण्याच्या आपल्या पद्धतीतली खोट जास्त दिसते. सरकार आणि विमान कंपन्या धावपट्टी ते धावपट्टी मोजतात, प्रवासी उंबरठा ते उंबरठा मोजतो. जवळच्या प्रवासात या दोन मापांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि सार्वजनिक पैसा मात्र पहिल्या मापावर खर्च होतो.

मग जवळच्या विमानप्रवासाला अर्थच नाही का? आहे, पण तो कुठे आहे ते पाहायला ग्रीसच्या बेटांपर्यंत जायला हवे.

एजियन समुद्राच्या दक्षिण टोकाला कार्पाथोस आणि कासोस ही दोन बेटे शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींवर विमानतळ. मधले अंतर वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे यवतहून लोणी काळभोर पडते त्याहून कमीच. विमान हवेत असते जेमतेम पाच मिनिटे. जगातल्या सर्वांत छोट्या नियमित विमानप्रवासांत याची गणना होते. कासोसची वस्ती हजारभर माणसांची. एवढ्याशा बेटासाठी कोणी स्वतंत्र विमान सोडत नाही. ऱ्होड्सहून निघालेले पंखेवाले छोटे विमान एसटीसारखे थांबे घेत जाते, आधी कार्पाथोस, मग कासोस, पुढे क्रीट बेटावरचे सितिया. उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेचा जोराचा वारा सुटतो. तो दिवसेंदिवस वाहतो आणि बोटी बंदरातच अडकून पडतात. अशा वेळी बेटावरच्या आजारी माणसाला मोठ्या इस्पितळात न्यायचे तर विमानाला पर्याय राहत नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमांत अशा मार्गांसाठी वेगळी तरतूद आहे. कंपनीला परवडत नसले तरी लोकांची गरज म्हणून सरकारने तूट भरून द्यायची, आणि त्या बदल्यात ठरलेल्या फेऱ्या, ठरलेल्या आसनांची हमी घ्यायची.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत तर याहून टोकाचे उदाहरण आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटे, आणि वारा अनुकूल मिळाला तेव्हाचा विक्रम ५३ सेकंदांचा. लोगानएअर ही कंपनी १९६७ पासून हा मार्ग चालवते. मौजेसाठी तिकीट काढणारे पर्यटक पुष्कळ असतात, पण मार्ग टिकला आहे तो शिक्षक, डॉक्टर आणि बेटावरच्या रुग्णांसाठी.

या दोन्ही ठिकाणी खाली पाणी आहे, ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. विमानाचा पाच मिनिटांचा प्रवास तिथे बोटीच्या बेभरवशाच्या प्रवासाशी स्पर्धा करतो. बेटावर विमानतळही गावापासून हाकेच्या अंतरावर असतो, तपासणीची रांग चार माणसांची असते. उंबरठा ते उंबरठा मोजले तरी विमान जिंकते. हाच निकष महाराष्ट्राला लावला, तर आपल्याकडचे मार्ग आपोआप वेगळे होतात. जिथे मध्ये समुद्र, घाट किंवा रेल्वेचा अभाव आहे, तिथे थोडक्या अंतराचे विमानही उपयोगी. जिथे खाली रूळ पडलेले आहेत, तिथे ते हौसेचे.

तळकोकण हे पहिल्या प्रकारातले. मुंबईपासून चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, पण रस्त्याने पाचशेच्या घरात. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि कोकण रेल्वेला पावसाळ्यात वेग कमी करून वेगळ्या वेळापत्रकाने धावावे लागते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचे उद्घाटन झाले, तेव्हा मालवण-कुडाळच्या लोकांना जो आनंद झाला तो पोकळ नव्हता. पुण्याहून चिपी सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत असले, तरी मध्ये सह्याद्री उभा आहे. फ्लाय ९१ या गोव्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये पुणे–सिंधुदुर्ग विमान सुरू केले ते याच हिशेबाने. पण त्याच वर्षी सवलतीची तीन वर्षे संपली आणि चिपीचे मुंबईचे विमान थांबले. गरज खरी असूनही मार्ग टिकला नाही, कारण गरजेची हमी कोणी घेतलेली नव्हती, फक्त मुदतीपुरती सवलत दिलेली होती.

ही सवलत केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतली. ती योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. तासाभराच्या विमानप्रवासाला अर्ध्या आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा, कंपनीला तूट भरून द्यायची, तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्या कोणाला येऊ द्यायचे नाही, असा तिचा आराखडा. हवाई चप्पल घालणाऱ्याला हवाई जहाजात बसवायचे, ही त्यामागची घोषणा सगळ्यांच्या तोंडी झाली. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेचा हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि सवलत संपल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते ५४. शंभरातले सात.

या पडझडीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनची १९ आसनांची छोटी विमाने मुंबई, नाशिक, जळगाव, पुणे अशी उडू लागली. काही काळ कौतुक झाले, मग फेऱ्या रद्द होऊ लागल्या आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीनेच गाशा गुंडाळला. गुजरातेत साबरमती ते केवडिया हे समुद्री विमान ३१ ऑक्टोबर २०२० रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले आणि सहा महिने होतात न होतात तोच बंद पडले. प्रत्येक ठिकाणी कारणे वेगळी सांगितली गेली. विमान नादुरुस्त, करोना, इंधनाचा भाव. सगळी खरी. पण एवढ्या कमी अंतरावर मोटारीने किंवा रेल्वेने जाणाऱ्याला विमानात नेमका किती वेळ वाचतो, हा हिशेब आधी कोणी मांडला असता, तर यातले काही मार्ग कागदावरच थांबले असते.

नाशिकचे प्रकरण मात्र वेगळे आहे. पुणे ते ओझर विमानतळ सरळ रेषेत १७० किलोमीटर, रस्त्याने नाशिक सव्वादोनशेच्या आत. राज्यातल्या या दोन मोठ्या औद्योगिक शहरांमध्ये थेट रेल्वेमार्ग नाही. गाडी एकतर कल्याणवरून वळसा घेते, नाहीतर दौंड-मनमाडवरून. २३५ किलोमीटरचा पुणे–नाशिक निमद्रुतगती रेल्वेमार्ग आखून झाला, जमीन घेणेही सुरू झाले आणि मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून आखणी अडली. आता अहिल्यानगर, शिर्डीवरून वळवून नेण्याची भाषा चालू आहे. रूळ नाहीत तोवर पुणे आणि नाशिक ही व्यवहारात दोन बेटेच आहेत. इथे छोट्या विमानाला सरकारी आधार देण्यात काही वावगे नाही. अट एकच, तो आधार रेल्वे येईपर्यंतची सोय म्हणून असावा, तिच्या जागी म्हणून नव्हे.

सोलापूर याच्या उलट टोकाला. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्घाटन झाले, ९ जून २०२५ पासून गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचे. सोलापूर–मुंबई सरळ रेषेत ३६० किलोमीटर आहे आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणाऱ्या वंदे भारतला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे त्या विमानाची बाजू घेता येते. पण २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तूट भरून देण्याचा निर्णय घेतला, त्यात सोलापूर–पुणे या टप्प्याचाही विचार होता. सोलापूर–पुणे सरळ रेषेत २४० किलोमीटर. वंदे भारत हे अंतर सव्वातीन तासांच्या आगेमागे कापते आणि पुणे स्टेशनवर, शहराच्या मध्यात आणून सोडते. या टप्प्यावर विमानाला सरकारी पैसा देणे म्हणजे ज्या रुळांवर सरकारने आधीच पैसा ओतला आहे, त्यांच्याशीच सरकारी पैशाने शर्यत लावणे.

ती वंदे भारत यवतच्या स्टेशनातून न थांबता जाते, हे ओघाने आलेच. तिने यवतला थांबावे, असे कोणी म्हणणार नाही. पण पुणे–दौंड मार्गाचे काय? मार्च २०१७ पासून या मार्गावर डेमू गाड्या आल्या, विद्युतीकरण झाले, २०२४ मध्ये दौंड स्थानक सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. तरी पुणे–लोणावळ्याला १९७८ पासून जशी लोकल आहे, तशी भरवशाची लोकल पुणे–दौंडला मिळालेली नाही. यवत, खुटबाव, केडगाव, पाटसचे प्रवासी वर्षानुवर्षे हेच मागत आले आहेत. हडपसर स्थानकाचा टर्मिनस म्हणून विस्तार झाला आहे आणि तिथून लोहगाव दहा-बारा किलोमीटरवर. तासाला एक लोकल आणि तिच्या वेळेशी जुळवलेली हडपसर–विमानतळ बस, एवढे केले तरी यवतहून लोहगाव गाठण्यातली धाकधूक संपेल. ही सोय नव्या विमानाच्या एका पंखाच्या किमतीतही होऊ शकेल, पण तिच्या उद्घाटनाला फीत कापायची जागा सापडत नाही.

हे सगळे आता मांडायचे कारण पुरंदर. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या जमिनीवर छत्रपती संभाजीराजे आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा करायचा, हा विचार २०१६ पासून चालू आहे. त्याआधी चाकण आणि खेडच्या जागा पाहून सोडून दिल्या होत्या. मधल्या काळात जागा बदलण्याची खटपट झाली, संरक्षण खात्याने ती नाकारली आणि गाडी पुन्हा याच सात गावांवर आली. मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला गेलेल्या पथकासमोर शेतकरी उभे राहिले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढे लागणारी जमीन २,८०० हेक्टरांवरून १,२८५ हेक्टरांपर्यंत खाली आणण्यात आली. ही जमीन माळरान नव्हे. भौगोलिक मानांकन मिळालेला पुरंदरचा अंजीर याच तालुक्यात पिकतो, सीताफळाच्या बागा आहेत. खानवडी तर महात्मा फुल्यांच्या घराण्याशी नाते सांगणारे गाव.

यवतपासून पारगाव सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. म्हणजे लोहगावच्या निम्मे. नकाशावर पट्टी ठेवली की दौंड, शिरूर, इंदापूरच्या लोकांना विमानतळ दारात आल्यासारखा वाटतो. हीच पट्टी गेली वीस वर्षे आपल्याला फसवत आली आहे. यवत आणि पारगाव यांच्या मध्ये भुलेश्वरची डोंगररांग आहे. घाटाचा रस्ता चढून माळशिरसला उतरायचे आणि पुढे आतल्या रस्त्यांनी जायचे. शिरूरच्या माणसाला लोहगाव गाठताना वाघोलीची कोंडी लागते. पुरंदरला जायचे तर न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचे, महामार्ग ओलांडायचा आणि मग हाच घाट. ज्या शिरूर तालुक्यात रांजणगावसारखी औद्योगिक वसाहत आहे, त्याला रेल्वे तर नाहीच. हडपसर ते यवत उन्नत मार्गाला सरकारने २०२५ मध्ये मान्यता दिली. तो झाला तर पुण्याहून यवतपर्यंत गाडी सुसाट येईल, पण यवतहून वर विमानतळाकडे जाणारा रस्ता दुपदरीच राहिला, तर सगळी कोंडी यवतच्या चौकात येऊन बसेल.

आणि इथे एक गोष्ट पुरंदरच्या बाजूने आहे, जी लोहगावला कधीच नव्हती. पुणे–मिरज रेल्वेमार्ग या भागातूनच जातो. शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी ही त्यावरची स्थानके. विमानतळाच्या इमारतीखाली किंवा शेजारी स्थानक येईल, अशी आखणी पहिल्या दिवसापासून केली, तर सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरचा प्रवासी गाडीतून उतरून सरळ विमानात बसेल. कोल्हापूर–पुणे विमानासाठी तूट भरत बसण्यापेक्षा हा पैसा शंभर पटीने सत्कारणी लागेल. फ्रान्सने मे २०२३ मध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, ल्यों आणि बोर्दो या तीन शहरांची विमाने बंद केली, कारण तिथे अडीच तासांच्या आत पोचवणारी रेल्वे आहे. बंदीचा आवाका छोटाच होता आणि त्यावर टीकाही झाली. पण आधी रेल्वे उभी केली आणि मग विमान हटवले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे रेल्वे अर्धवट ठेवायची आणि तिची उणीव विमानाने भरायची, असा उलटा क्रम पडत आला आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पुणे–मुंबई विमानात बसणारा प्रत्येक जण फोर्टला चाललेला नसतो. त्यातले पुष्कळ जण मुंबईहून लंडन, न्यूयॉर्कचे विमान पकडणारे असतात. त्यांचे सामान पुण्यालाच ताब्यात घेतले जाते, घाटातल्या कोंडीची धास्ती राहत नाही. या सोयीला किंमत आहे आणि ज्याला ती परवडते त्याने खुशाल मोजावी. प्रश्न फक्त सरकारी तिजोरीतल्या पैशाचा आहे. शिवाय चित्र बदलते आहे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. परदेशी विमाने तिथून वाढू लागली, की पुणेकर मुंबईत न शिरता घाट उतरला की विमानतळावर असेल. पुरंदर पुरे होईपर्यंत ही सवय पक्की झालेली असेल. मग पुरंदरला येणारा प्रवासी कोण, तर पुण्याच्या पूर्वेचा आणि दक्षिणेचा. म्हणजे दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, सातारा. नव्या विमानतळाचा खरा मालक हा प्रवासी आहे आणि प्रकल्पाच्या चर्चेत त्याचेच नाव सर्वांत कमी वेळा येते. चर्चा होते ती पुणे स्टेशनपासून विमानतळ किती मिनिटांवर, याची.

लोहगावच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि प्रवाशांसाठी ते उघडले १४ जुलैला. मधले चार महिने इमारत तयार होती, प्रवासी जुन्या इमारतीत रेटारेटी करत होते. मेट्रो रामवाडीपर्यंत आली, विमानतळाच्या दारात आली नाही. इमारत आधी, वाट नंतर, ही सवय मोडण्याची संधी पुरंदरला आहे, कारण तिथे अजून काहीच उभे राहिलेले नाही.

त्यासाठी दोन गोष्टी आताच ठरवता येतील. राज्य सरकारने ज्या हवाई मार्गांची तूट भरून द्यायची, त्यांची निवड धावपट्ट्यांमधल्या अंतरावर न करता दोन्ही टोकांच्या गावांतून लागणाऱ्या एकूण वेळेवर करावी. रेल्वेने चार तासांच्या आत पोचता येत असेल तर सवलत नाही, मध्ये घाट किंवा समुद्र असेल तर तीन वर्षांऐवजी दहा वर्षांची हमी. दुसरी गोष्ट पुरंदरची. सात गावांतल्या शेतकऱ्यांना जमीन द्यायला सांगताना ती कोणाच्या सोयीसाठी, हे त्यांना कळले पाहिजे. यवत, शिरूर, इंदापूर, सासवड आणि फलटण या पाच गावांहून पहाटे पाचला, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला निघालेला माणूस रस्त्याने आणि रेल्वेने किती वेळात विमानतळावर पोचेल, याचा तक्ता प्रकल्प अहवालात हवा. तो अहवाल मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा, आणि हे काम भूसंपादनाचा शेवटचा धनादेश निघण्याआधी व्हावे.